ये, हात लाव

अकोल्याच्या सरकारी रुग्णालयातल्या प्लास्टर रूममध्ये सकाळी दहाच्या सुमाराला पाय ठेवायला जागा नसते. स्टुलावर पातूरकडची एक मावशी बसली आहे. पऱ्हाटीच्या वावरात बांधावरून घसरली, पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. मोडलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन झालं आहे. रेसिडेंट डॉक्टर तिची बोटं धरून हात सावकाश ओढतो, दुसरा जण कोपरापाशी उलट दिशेनं धरून ठेवतो. तिसरा भिंतीला पाठ लावून उभा आहे. एप्रन नवा, खिशाला नावाची पट्टी, हात मागे बांधलेले. रेसिडेंट मान न वळवता म्हणतो, ‘मागं काहून उभा राहिला रे? ये, हात लाव.’

मुलगा पुढे येतो. ओल्या प्लास्टरखाली त्याचे हात नेऊन रेसिडेंट सांगतो, ‘बोटं नाही, तळवा. बोटाचा खड्डा पडला की प्लास्टर वाळल्यावर आतून कातडीला जखम होते.’ मुलगा तळव्यानं प्लास्टरला आकार देतो. मावशी त्याच्याकडे पाहते आणि विचारते, ‘कोण्या गावचा रे बाबू?’

‘वाट दाखवणारे’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा शाळामास्तर, वाचनालयं, वसतिगृहं असं बरंच डोळ्यांपुढे आलं. मी अस्थिरोगाकडे वळलो. वैद्यकाच्या या शाखेत पुस्तक वाचून, व्याख्यान ऐकून पुष्कळ कळतं, पण जे करायचं ते कोणीतरी जवळ बोलावल्याशिवाय येत नाही. ज्याच्या घराण्यात आजवर कोणी डॉक्टर नाही, त्या मुलाला कोण जवळ बोलावतं, हे मला अमरावती-अकोल्यात पाहायचं होतं.

हाताखाली शिकायचं शास्त्र

मांडीचं हाड मोडलं की त्याच्या पोकळीत लांब सळई घालतात. नडगीवर पट्टी बसवायची तर हाडाला ड्रिलनं भोक पाडून स्क्रू पिळावे लागतात. ड्रिल हाडाची अलीकडची भिंत पार करतं, मधल्या मऊ भागातून जातं आणि पलीकडच्या भिंतीला टेकतं. ती भिंत भेदली जाते त्या क्षणी हात थांबायला हवा. अर्धा सेंटीमीटर पुढे गेलं तर तिथे रक्तवाहिनी असू शकते, नस असू शकते. तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. ड्रिलचा आवाज बदलतो, मनगटाला लागणारा जोर बदलतो, त्यावरून तो ओळखायचा असतो. चांगला सुतार गिरमिट फिरवताना लाकडाचा पोत हातानं वाचतो, तसंच हे आहे. आणि सुताराचा मुलगा बापाच्या शेजारी बसून ते शिकतो.

गोम इथेच आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं सगळ्यांना सारखीच असतात. पुस्तकं, परीक्षा, वॉर्डातले ठरलेले आठवडे, सगळं समान. पण अस्थिरोगाचं खरं शिक्षण ठरलेल्या वेळेबाहेर होतं. रात्री अपघाताची केस आली की कोण थांबतं, सकाळच्या राऊंडला कोण आधी पोचतं, ऑपरेशन थिएटरमध्ये ‘स्क्रब हो’ असं कोणाला म्हटलं जातं, यावर ते अवलंबून असतं. डॉक्टरांच्या घरात वाढलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. सरांना विचारलं की ते थिएटरमध्ये येऊ देतात, हे त्याला घरूनच ठाऊक असतं. पहिल्यांदाच या जगात आलेला मुलगा मात्र बोलावणं येईपर्यंत मागे थांबतो. विचारणं हा उद्धटपणा ठरेल, अशी त्याला भीती असते. वरिष्ठांना वाटतं, याला रस नाही. दोघांच्याही मनात खोट नसते, तरी मुलगा मागेच राहतो.

म्हणून या शाखेत मार्गदर्शन म्हणजे प्रेरणेचं भाषण नव्हे. ‘ये, हात लाव’ हे तीन शब्द योग्य वेळी, योग्य माणसाला म्हणणं, हे ते मार्गदर्शन आहे.

घाटावरून खाली

अमरावतीहून परतवाडा मागे टाकलं की सातपुड्याचा घाट लागतो. सेमाडोह, हरिसाल करत रस्ता धारणीला पोचतो. चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट. इथला कोरकू समाज घरात कोरकू बोलतो. ही मुंडा कुळातली भाषा मराठीहून अगदी वेगळी आहे. मूल शाळेत गेलं की मराठी शिकतं, बाजारात हिंदी उचलतं आणि डॉक्टर व्हायचं ठरवलं तर पुढे सगळं इंग्रजीत. अकोला-खंडवा मीटरगेज रेल्वे पूर्वी या डोंगरातून धावायची. २०१७ मध्ये ती बंद झाली. आता मेळघाटातल्या मुलाला अकोल्याचं किंवा अमरावतीचं कॉलेज गाठायचं तर घाट उतरून बसनंच यावं लागतं.

या मुलांची पहिली लढाई ‘नीट’शी होते. १८० प्रश्न, ७२० गुण. २०१७ पासून हा पेपर मराठीतूनही देता येतो, पण तयारीचे वर्ग शहरात आणि त्यांची फी शहरातल्या पगारांच्या मापाची. वऱ्हाडात अकोला हे या वर्गांचं मोठं केंद्र झालं आहे. बुलडाणा-वाशीमची मुलंही खोली घेऊन तिथे राहतात. ज्यांना ते परवडत नाही त्यांच्यासाठी काही माणसांनी वेगळा रस्ता काढला. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधल्या विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ हा उपक्रम सुरू केला. डॉ. अतुल ढाकणे हे त्यातलं पुढचं नाव. स्वतः एमबीबीएस शिकणारी मुलं गरीब घरच्या मुलांना फुकट शिकवू लागली. पुढे ‘उलगुलान’ या नावानं खास आदिवासी मुलांची तुकडी सुरू झाली आणि मेळघाटातली मुलंही तिच्यात आली. बिरसा मुंडांच्या उठावाचं नाव या तुकडीनं घेतलं आहे.

या उपक्रमाची ताकद मला एका साध्या गोष्टीत दिसते. शिकवणारा हा शिकणाऱ्याच्या फक्त दोन-तीन वर्षं पुढे असतो. कोणत्या धड्याला घाबरायचं नाही, कुठे वेळ वाया जातो, निकालाच्या दिवशी कोणते कागद हातात हवेत, हे त्याला ताजं आठवत असतं. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जमातीच्या दाखल्यांची पडताळणी करणारी समिती अमरावतीला आहे. तिथे आजोबांच्या काळचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद लागते आणि ती शोधायला गावोगाव फिरावं लागतं. गुण मिळवूनही कागदाअभावी जागा हुकणं ही या भागातली खरी भीती आहे. म्हणून मार्गदर्शकाचं अर्धं काम तहसीलच्या खिडकीपाशी होतं.

मुलगा कॉलेजात पोचला की पुढचा प्रश्न राहण्याखाण्याचा. आदिवासी विकास विभागाची ‘स्वयम्’ योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना भाड्यासाठी आणि जेवणासाठी पैसे देते. समाजकल्याण विभागाची ‘स्वाधार’ योजना अनुसूचित जातीच्या मुलांसाठी तेच करते. योजना आहेत, पण त्यांची माहितीही बहुतेक वेळा वरच्या वर्षातला कोणीतरी सिनियरच देतो.

बांबूच्या कांब्या

आता रुग्णाच्या बाजूनं पाहू. मेळघाटात मोहाच्या झाडावरून पडलेला, बैलगाडीखाली पाय आलेला किंवा अस्वलानं पाडलेला माणूस आधी कोणाकडे जातो? बहुतेकदा गावातल्याच हाड बसवणाऱ्याकडे. तो हात ओढून हाड सरळ करतो, पाल्याचा लेप लावतो, बांबूच्या कांब्या लावून घट्ट बांधतो. साधं मोडलेलं हाड कधी कधी यानं जुळतंही. अवघड वेळ येते ती बांधणी फार घट्ट झाली तर. आत सूज वाढत जाते, बाहेरचा बांध सैल होत नाही, स्नायूंचं रक्त अडतं. बोटं बधिर होतात, निळी पडतात. काही तासांत बांध सोडला नाही तर स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडतो, किंवा कापावा लागतो. म्हणूनच प्लास्टर घातलेल्या प्रत्येकाला डॉक्टर बजावतात: हात उंच ठेवा, बोटं हलवत राहा, दुखणं वाढलं किंवा बोटं निळी पडली तर रात्रीही परत या.

हे बजावणं कोरकूत झालं तर? परतवाड्यापर्यंत आलेला माणूस सूचना न कळताच घरी गेला, तर उपचार अर्धाच झाला. कोरकू बोलणारा एक जरी डॉक्टर युनिटमध्ये असेल तर राऊंडचा चेहरामोहरा बदलतो. म्हातारी कुठे दुखतं ते सांगते, बाप गावात काय बांधलं होतं ते न लाजता सांगतो. गावात आधी काय झालं हे नीट कळलं की डॉक्टरचा निर्णय बदलू शकतो.

हाड बसवणाऱ्यांकडे तुच्छतेनं पाहण्याची सवय आपण सोडायला हवी. आधुनिक अस्थिशल्यशास्त्राची एक मोठी शाखा अशाच घरातून निघाली. एकोणिसाव्या शतकात वेल्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या हाडं बसवणारं एक घराणं होतं. त्यातल्या इव्हान थॉमसनं लिव्हरपूलला व्यवसाय थाटला आणि आपल्या पाचही मुलांना डॉक्टर केलं. त्यांपैकी ह्यू ओवेन थॉमस यानं गोरगरीब गोदी कामगारांवर उपचार करता करता पाय स्थिर धरून ठेवणारी लोखंडी चौकट बनवली. त्याच्या हाताखाली त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स तयार झाला. पहिल्या महायुद्धात जोन्सनं ही चौकट आघाडीवर वापरात आणली आणि मांडी मोडलेल्या सैनिकांच्या मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. ती ‘थॉमस स्प्लिंट’ आजही आपल्याकडच्या अस्थिरोग वॉर्डांत वापरली जाते. हाड बसवणाऱ्याचा मुलगा, मग त्याचा भाचा: कोणीतरी जवळ घेऊन शिकवलं म्हणूनच हे ज्ञान घराबाहेर पडून जगाचं झालं.

मेळघाटानं शिकवलेला धडा

बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. एमबीबीएस होऊन मेळघाटात आल्यावरचा एक प्रसंग डॉ. कोल्हे मुलाखतींत सांगत आले आहेत. स्फोटात हात गेलेला एक माणूस त्यांच्याकडे आला आणि आपल्या शिक्षणात त्याच्यासाठी काही करता येत नाही, हे त्यांना जाणवलं. आणखी शिकायला हवं, म्हणून ते परत कॉलेजात गेले आणि एमडी झाले. धारणीजवळ डॉ. आशिष सातव यांची ‘महान’ ही संस्था नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून काम करते. तिथे बाहेरून तज्ज्ञ सर्जन येऊन शिबिरं घेतात.

दोन्ही ठिकाणांहून एकच गोष्ट कळते. डोंगरात डॉक्टर पोचला तरी विशेषज्ञ सहसा पोचत नाही. तो पाहुणा म्हणून येतो आणि परत जातो. मोडलेलं हाड मात्र शिबिराची तारीख पाहून मोडत नाही.

आणि प्रश्न नुसत्या अपघातांचा नाही. विदर्भातल्या आदिवासी आणि दलित समाजांत सिकलसेल आहे, मेळघाटातही आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच थोड्या. त्या तुंबल्या की हाड आतून मरू लागतं आणि ऐन पंचविशीत माणूस लंगडू लागतो. वेळेत ओळखलं तर पायावरचा भार कमी करून, छोटं ऑपरेशन करून सांधा काही काळ वाचवता येतो. उशीर झाला तर सांधाच बदलावा लागतो. मुकादमाला वाटतं पोरगा कामचुकार आहे, घरच्यांना वाटतं कोणाची नजर लागली. त्या घरातूनच आलेल्या डॉक्टरला हे लंगडणं उंबऱ्यातच ओळखता येईल. आपल्या गावातल्या मुलाला अस्थिरोगतज्ज्ञ करायचं का, याचं याहून सरळ उत्तर मला सापडलेलं नाही.

‘ताकदीचं काम आहे, तुला जमेल का?’

मुलींना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. निखळलेला खुबा बसवायचा, जड पाय उचलून धरायचा, हे पुरुषाचं काम, असा समज अजून घट्ट आहे. अस्थिरोगात स्त्रिया फार थोड्या आहेत, आणि थोड्या आहेत म्हणूनच नव्या मुलींना वाट दाखवणारी ताई भेटत नाही.

पण आत काय चालतं ते पाहा. खुबा बसवताना रुग्णाला भूल दिलेली असते, स्नायू सैल असतात. कोन साधला, गुडघा वाकवून नेमक्या दिशेला ओढ दिली की गोळा खोबणीत बसतो. ड्रिल आणि करवत विजेवर किंवा बॅटरीवर चालतात. पाय धरून ठेवायला ट्रॅक्शन टेबल असतं. उरतं ते तंत्र, आणि तंत्र सरावानं येतं. अमेरिकेत २००९ मध्ये ‘पेरी इनिशिएटिव्ह’ या संस्थेनं शाळकरी मुलींच्या हातात ड्रिल आणि प्लास्टिकची हाडं दिली. ‘तुला जमेल’ असं सांगत बसण्यापेक्षा एका दुपारी त्यांच्या हातून हाडावर पट्टीच बसवून घेतली. प्लास्टिकची हाडं आणि जुनी अवजारं घेऊन हे अमरावतीच्या एखाद्या सभागृहातही करता येईल.

दूरच्या लोकांनी काय केलं

अमेरिकेत लॅटिन अमेरिकेतून आलेल्या, घरात स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची संख्या मोठी आहे. तिथे जवळपास पाचातला एक माणूस या समाजाचा. अस्थिशल्यतज्ज्ञांत मात्र त्यांचं प्रमाण शंभरात दोनच्या आसपास. म्हणून २००७ मध्ये डॉ. रॅमन हिमेनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅटिनो अस्थिशल्यतज्ज्ञांची संघटना उभी केली. तिच्या कामाचा गाभा हा, की तज्ज्ञ झालेल्यानं विद्यार्थी असलेल्याचा हात धरायचा. त्याआधी, २००४ मध्ये, डॉ. बॉनी सिम्पसन मेसन यांनी ‘एन्थ डायमेन्शन्स’ ही संस्था सुरू केली. ती कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि महिला विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत अस्थिशल्यतज्ज्ञांकडे काम शिकायला पाठवते.

यातली वेळेची निवड मला सगळ्यात शहाणी वाटते: पहिल्या वर्षानंतर. शेवटच्या वर्षात शाखा निवडायला सांगितली तर मुलगा ओळखीची वाटणारी शाखा घेतो. आधीच प्लास्टरचा वास ओळखीचा झाला असेल तर अस्थिरोगाकडे पाहण्याचं धाडस त्याला होतं. आपल्याकडेही पदव्युत्तर ‘नीट’चा निकाल आला की पसंतीक्रम भरायला थोडेच दिवस मिळतात. कोणतं कॉलेज, तिथे ऑपरेशनं किती होतात, सरकारी सेवेच्या बाँडचं वर्ष कधी करायचं, हे सगळं त्या दिवसांत ठरवायचं असतं. घरी विचारावं तर घरचे म्हणतात, ‘तूच शिकलेला, तूच ठरव.’ त्या आठवड्यात फोन उचलणारा एक सिनियर असणं-नसणं म्हणजे जागा मिळणं किंवा हुकणं.

पैशाचा प्रश्नही इथेच सोडवावा लागतो. एमबीबीएस, इंटर्नशिप, मग एमएसची तीन वर्षं. भाऊ शेतात, बहिणीचं लग्न तोंडावर, आणि मुलगा आणखी शिकायचं म्हणतो. रेसिडेंटला दरमहा विद्यावेतन मिळतं, त्यातून घरी पैसे पाठवता येतात, हे बापाला समजावून सांगणारा कोणी लागतो. मुलानं सांगण्यापेक्षा त्याच्या सरांनी सांगितलेलं घरात लवकर पटतं.

वऱ्हाडात जमीन तयार आहे

डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. खेड्यातल्या सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली, एका पंगतीला बसवलं. १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच संस्थेनं १९८४ मध्ये त्यांच्या नावानं अमरावतीत वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. अकोल्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ चं. २०२४ मध्ये अमरावतीला शंभर जागांचं सरकारी महाविद्यालय मिळालं, वाशीम आणि बुलडाण्यालाही मिळालं. एवढ्या जागा वऱ्हाडात कधीच नव्हत्या. २०२० मध्ये राज्य सरकारनं प्रवेशाचं सत्तर-तीसचं प्रादेशिक सूत्र रद्द केलं, तेव्हापासून या जागांसाठी सगळ्या महाराष्ट्रातली मुलं स्पर्धेत आहेत. म्हणून आपल्या मुलांना तयारीतच हात द्यावा लागेल.

पंजाबरावांच्या छात्रालयाचा धडा मी असा घेतो: जागा मिळवून देणं ही सुरुवात, सोबत देणं हे काम. अमरावती आणि अकोल्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी ठरवलं तर पुढच्या जूनपासून हे सुरू होऊ शकतं. महिन्यातला एक रविवार पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी ठेवायचा आणि त्यांना प्लास्टर घालायला, हाडावर स्क्रू बसवायला शिकवायचं. घरात पहिल्यांदाच डॉक्टर होणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एक रेसिडेंट आणि एक तज्ज्ञ नेमून द्यायचा. मेळघाटातल्या मुलांना कोरकूतून रुग्णाशी बोलायला मुद्दाम पुढे करायचं आणि ते काम लॉगबुकात नोंदवायचं, म्हणजे भाषा हेही कौशल्य ठरेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावंच लागतं. त्यांना शक्य तिथे धारणी, अचलपूरसारख्या ठिकाणी रुग्ण पाहायला पाठवलं, तर डोंगरातल्या शाळेतली मुलं त्यांच्यात उद्याचं स्वतःला पाहतील.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि वेळ देणाऱ्याला हे पटलेलं असणं की हे उपकार नाहीत. ज्या शास्त्राला हातानंच पुढे द्यावं लागतं, ते शिकवताना काही हात वगळले तर ते शास्त्र त्या लोकांपर्यंत पोचतच नाही. मेळघाटातला बाप मुलाचा मोडलेला पाय घेऊन घाट उतरेल, तेव्हा त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा सर्जन समोर असावा, असं आपल्याला वाटत असेल, तर तो सर्जन आज पहिल्या वर्षात कुठेतरी शिकत आहे. त्याला शोधून काढणं आणि पुढे बोलावणं, हे अमरावती-अकोल्यातल्या प्रत्येक अस्थिरोग युनिटनं आपल्या कामात धरावं.